मुरूम वाहून गेला, गोटे राहिले

"हा दगड तिथे वर कोणी ठेवला?"

माझ्या कॉलेजच्या सहलीचा जुना फोटो बघताना बाबांनी हे विचारलं. फोटोत आम्ही सहा मैत्रिणी, मागे हंपीचं एक देऊळ आणि त्याच्याही मागे एक टेकडी. टेकडीवर एकावर एक तीन दगड. सगळ्यात वरचा खोलीएवढा आणि जेमतेम हातभर जागेवर टेकलेला. मी तेव्हा हंपीत दोन दिवस राहिले होते, विजयनगरची सनावळी तोंडपाठ करून आले होते आणि तो दगड मला दिसलाच नव्हता. बाबांनी देवळाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या उमेदीची बत्तीस वर्षं दगडाच्या खाणीवर गेली. आधी सुरुंगाची भोकं पाडायला, नंतर मुकादम म्हणून. दगड कुठून सुटतो, कुठे पडतो, हे त्यांना बघूनच कळतं. न पडलेला दगड त्यांना स्वस्थ बसू देईना.

म्हणून डिसेंबरात आम्ही दोघं हंपीला गेलो. फक्त दगड बघायला.

गाईड मिळायला मात्र वेळ लागला. पहिल्याने विरुपाक्ष, विठ्ठल, कमल महाल, हत्तीशाळा अशी यादी सांगितली. आम्हाला देवळांआधी दगड बघायचे आहेत म्हटल्यावर तो गोंधळला आणि "दगड तर सगळीकडेच आहेत, वाटेत दिसतील," म्हणाला. त्याची चूक नव्हती, येणारे सगळे यादीच मागतात. दुसऱ्याने फोनवर थोडा वेळ काहीच उत्तर दिलं नाही, मग विचारलं, "अज्जांचे गुडघे कसे आहेत?" ठरलं, हाच गाईड. त्याच्याकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र होतं. शिवाय दगडांवर चढायला जगभरातून येणाऱ्या मुलांच्या दोऱ्या-गाद्या त्याने काही वर्षं वाहिल्या होत्या आणि भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊनही तो बऱ्याचदा फिरला होता. हिंदी, कानडी आणि सोलापूर-कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून उचललेलं मराठी असं सगळं मिळून तो बोलायचा. बाबांना अज्जा म्हणायचा, मला अक्का. मी त्याला अण्णा म्हणू लागले.

सकाळी साडेपाचला निघालो. अण्णाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, की माणशी दोन-तीन लिटर पाणी हवं, तळ घासलेले बूट चालणार नाहीत आणि दुपारी बारा ते तीन उघड्या खडकावर पाय ठेवायचा नाही. तिसरी सूचना तेव्हा मला जास्तीची वाटली होती. दुपारी तिचा अर्थ कळला.

मातंग टेकडी हंपीतली सगळ्यात उंच. अंधारात टॉर्चच्या उजेडात चढायचं. कुठे खडकातच खोदलेल्या पायऱ्या, कुठे नुसता उतरता कातळ. बाबा दर वीस-पंचवीस पावलांवर थांबत. मला वाटलं दम लागतोय. पण प्रत्येक वेळी ते तळहात कातळावर ठेवून उभे असायचे. "हा आपल्यासारखा नाही," एकदा म्हणाले, "हाताला रवाळ लागतो."

माथ्यावर वीरभद्राचं देऊळ आहे. त्याच्या धाब्यावर चढून बसलो. आधी नदीवरचं धुकं दिसायला लागलं, मग पायथ्याचं अच्युतरायाचं देऊळ, पश्चिमेला विरुपाक्षाचं गोपुर, आणि मग एकदम सगळीकडे दगड. डोंगर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सह्याद्री येतो, थरावर थर, कापलेले कडे, वर सपाट माथा. इथे त्यातलं काहीच नव्हतं. क्षितिजापर्यंत नुसत्या राशी. कुणी तरी ट्रकमधून ओतून गेल्यासारख्या, प्रत्येक दाणा घराएवढा. उन्हाची तिरीप आली तसे ते राखाडीचे गुलाबी झाले. एका राशीच्या टोकावर एक लांबट दगड उभाच्या उभा होता, खाली दोन बारीक दगडांवर पेललेला. बाबा त्याच्याकडे एकटक बघत होते. माझ्या फोटोतला नव्हता तो, पण प्रश्न तोच होता.

अण्णाने आधी आजीची गोष्ट सांगितली. ही किष्किंधा. वाली आणि सुग्रीव इथे लढले, दोघांनी एकमेकांवर डोंगर उपटून फेकले, त्यांचेच हे तुकडे. मातंग ऋषींच्या शापामुळे वालीला या डोंगरावर पाय ठेवता येत नव्हता, म्हणून सुग्रीव या बाजूला लपून राहिला. "लहानपणी मला यात काहीच शंका नव्हती," अण्णा म्हणाला. "असे दगड बघितले की फेकल्यासारखेच वाटतात ना! दुसरी गोष्ट मी खाली उतरल्यावर सांगेन. ती इथून दिसत नाही."

मला त्याची ही पद्धत फार आवडली. उत्तर माहीत असताना ते योग्य जागा येईपर्यंत हातचं राखून ठेवायचं, हे सगळ्यांना जमत नाही.

माथ्यावर त्याने एकच गोष्ट दाखवली. ताज्या तुटलेल्या एका कडेवर पाणी ओतलं आणि बाबांना जवळ बोलावलं. ओल्या दगडात तीन रंग वेगवेगळे दिसले. फिकट गुलाबी दाणे फेल्स्पारचे, काचेसारखे चमकणारे क्वार्ट्झचे म्हणजे आपल्या गारगोटीचे, आणि काळे ठिपके अभ्रकाचे. हे दाणे डोळ्यांनी दिसतात, कारण हा दगड म्हणजे ग्रॅनाइट, आणि त्याचा वितळलेला रस जमिनीच्या पोटात, किलोमीटर किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थंड झाला. दाण्यांना वाढायला सवड मिळाली. आपला दख्खनचा काळा दगड लाव्हा होऊन जमिनीवर पसरला आणि भराभर थिजला, म्हणून त्याचे दाणे इतके बारीक.

"किती जुना?" बाबांनी विचारलं.

"अडीचशे कोटी वर्षं, सुमारे. आणि तुमचा सहा-साडेसहा कोटींचा."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमचा दगड अजून पोरगा आहे."

उतरताना ते घसरले. मोठं काही झालं नाही, बसकण मारली आणि तळहात खरचटला. पण माझ्या पोटात गोळा आला. उतरत्या कातळावर दगडाचेच सुटे दाणे, बारीक कच पसरलेली होती आणि त्यावर बूट असा सरकला की जणू ज्वारीवर पाय पडला. अण्णाने जखमेवर पाणी ओतलं, रुमाल बांधला. मला म्हणाला, "अक्का, पाय नेहमी उघड्या कातळावर टाकायचा, कच असेल तिथे नाही. दगड धरून ठेवतो, कच घेऊन जाते." त्यानंतर दिवसभर मी बाबांच्या पुढे चालले, मागे नाही.

त्याच उतारावर कातळाचे पापुद्रे सुटलेले होते. वीतभर जाडीचे, पत्र्यासारखे लांबरुंद, खालच्या खडकाच्या गोलाईला धरून वाकलेले. एकावर अण्णाने हलकेच ठोकलं तर पोकळ आवाज आला. खोल पोटात असताना या ग्रॅनाइटवर कित्येक किलोमीटर खडकाचा भार होता. वरचं झिजून गेलं, भार उतरला, तसा खडक किंचित फुगला आणि फुगताना वरचा थर सुटला. बाबांनी मान हलवली. खाणीतही तळ उघडा पडला की कधी कधी दगड आपणहून चिरकतो, असं ते म्हणाले. मी हे त्यांच्या तोंडून आधी कधीच ऐकलं नव्हतं. विचारलंच नव्हतं.

अच्युतरायाच्या देवळापाशी फार थांबलो नाही. तिथून नदीकाठची वाट धरली. या वाटेवर सुग्रीवाची गुहा म्हणून दाखवतात ती कपार आहे. मोठमोठ्या शिळा एकमेकींवर कलून झालेली, आत गारवा. बाहेर कातळावर रंगाचा एक लांब पट्टा आहे, सीतेचं वस्त्र घासलं त्याची खूण म्हणतात.

तिथून पुढे वाटेच्या कडेला एक शिळा आहे. तिच्यापाशी आमचा पाऊण तास गेला आणि अख्ख्या दिवसातला मला सगळ्यात जास्त आठवतो तो हाच पाऊण तास.

शिळा साधारण बैलगाडीएवढी. तिच्या पाठीवर एका रेषेत चौकोनी भोकं, प्रत्येक बोट-दीड बोट लांब, मधे सारखं अंतर. रेषा शिळेच्या मध्यावरून गेलेली आणि पुढे भोकं थांबलेली. पलीकडच्या शिळेवर अशाच भोकांच्या अर्ध्या खुणा कडेला दिसत होत्या, तिचा दुसरा भाग कोणी तरी नेला होता. अण्णा सांगायला लागला, "ही भोकं कशाची असतील, अज्जा…" पण बाबा केव्हाच गुडघ्यावर बसले होते.

"पाचरी," ते म्हणाले.

त्यांनी करंगळी भोकात घातली, खोली बघितली. मग वीत टाकून अंतर मोजलं, पुढच्या भोकाला परत मोजलं. "एकाच हाताची आहेत. बघ, शेवटची दोन जरा तिरकी. इथे त्याला शीर बदललेली लागली असणार." दगडाला शीर असते, त्या अंगाने तो सहज फाटतो, आडवा मारला तर वेडावाकडा फुटतो, हे बाबांचं नेहमीचं. पण ते मी काळ्या दगडाबद्दल ऐकलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कामाबद्दल ते असं बोलतील, जणू काल त्याच्याबरोबर डबा खाल्ला, हे मला नवीन होतं.

अण्णाने सांगितलं, की भोकांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, वर पाणी घालत राहायचं, लाकूड फुगतं आणि दगड रेषेवर उकलतो. बाबा म्हणाले, "लोखंडी मारल्या तरी अशीच ओळ येते. एका दमात ठोकायच्या नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक घाव, परत पहिल्यापासून. आवाज बदलत जातो. खणखणीत असतो तो बसका झाला की हात थांबवायचा, मग दगड आपला आपण जातो." हे त्यांनी अण्णाला सांगितलं आणि अण्णाने बाजूला बसून ऐकलं. त्याने वही काढली नाही, पण मध्येच दोनदा "परत सांगा" म्हणाला. मार्गदर्शक आणि पाहुणा यांची अशी अदलाबदल होऊ देणारा गाईड मिळणं हे मी भाग्य समजते.

"मग हा अर्धवट का सोडला?" मी विचारलं.

बाबांनी खांदे उडवले. "आत भेग निघाली असेल. किंवा काम बंद पडलं असेल."

१५६५ साली तालिकोटची लढाई हरल्यावर हे शहर लुटलं गेलं आणि ओस पडलं. ही शिळा त्या वर्षी सोडली की त्याआधी, ते कोणी सांगू शकणार नाही. पण बाबा उठताना त्या शेवटच्या भोकावर हात ठेवून क्षणभर थांबले, ते मी बघितलं.

विठ्ठलाच्या देवळात गर्दी होती. पन्नासच्या नोटेवर आहे तो दगडी रथ इथलाच. तो एका दगडाचा आहे असं पुष्कळ जण सांगतात. बाबांनी एक फेरी मारली आणि मला सांधे दाखवले, एक चाकामागे, एक नक्षीच्या ओळीत दडवलेला. कोरणाऱ्यापेक्षा जोडणाऱ्याचं त्यांना जास्त कौतुक वाटलं. गाभाऱ्यात मूर्ती नाही. पंढरपूरचा विठोबा कृष्णदेवरायाने इथे आणला आणि भानुदासांनी तो परत नेला, अशी वारकऱ्यांची परंपरा सांगते. भानुदास म्हणजे एकनाथांचे पणजोबा. बाबांनी रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले. मीही जोडले.

तळरीघट्टवरून हरिगोलूने नदी ओलांडली. बांबूची विणलेली गोल टोपली ती. बसल्यावर पाण्याची पातळी कमरेशी येते. तिथून शिळांच्या तळाकडे नजर जाते. पाण्याने घासलेला ग्रॅनाइट वरच्या ग्रॅनाइटपेक्षा अगदी वेगळा दिसतो. नदीतला गुळगुळीत, वळणदार, लोण्यातून बोट फिरवल्यासारखा. वरचा खडबडीत. म्हणजे वरच्या शिळा नदीने गोल केलेल्या नाहीत. हे अण्णाने सांगितलं नाही, नुसता एकदा इकडे आणि एकदा तिकडे हात केला आणि आमच्याकडे बघत राहिला.

"मग गोल कशाने झाल्या?" बाबांनी विचारलं.

"आता दाखवतो."

पलीकडे आनेगुंदी. तिथून रिक्षा केली. सणापूरच्या दिशेला केळीच्या बागा आणि मधूनमधून दगडांच्या राशी. एका ठिकाणी रस्त्यासाठी टेकडीची कड कापलेली होती, दोन पुरुष उंच. अण्णाने रिक्षा थांबवली. बघण्यासारखं काहीच नव्हतं. ना देऊळ, ना पाटी, कापलेली माती आणि वर बाभळी.

बाबा खाली उतरले, चार पावलं चालले आणि जागीच उभे राहिले.

"अगं, हा तर मुरूम आहे!"

खरंच मुरूम होता. गुलाबट पांढरा, आमच्याकडच्यासारखा तपकिरी नाही, पण बोटांनी कुस्करला की भुगा होणारा. आणि त्या मुरमात, भिंतीत बसवल्यासारखे, गोल गोल दगड. एक कलिंगडाएवढा, एक रांजणाएवढा, एक अर्धाच उघडा पडलेला, उरलेला अजून टेकडीच्या पोटात. प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे, बाहेरचे ठिसूळ, आतले घट्ट, आणि मध्यभागी अस्सल दगड.

मग अण्णाने दुसरी गोष्ट सांगितली. अखंड खडकाला थंड होताना आणि भार उतरताना भेगा पडतात, उभ्या आणि आडव्या. खडकाचे मोठमोठे चौकोनी ठोकळे होतात, पण सगळे जागच्या जागी, जमिनीखालीच. भेगांतून पाणी उतरतं. ते फेल्स्पारची हळूहळू माती करतं, क्वार्ट्झचे दाणे तसेच सुटे राहतात, आणि दोन्ही मिळून मुरूम होतो. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच अंगाने लागतं, कडेला दोन अंगांनी, कोपऱ्याला तिन्ही अंगांनी. म्हणून कोपरे आधी जातात. "खडीसाखर तोंडात ठेवा, अक्का. आधी कोपरेच विरघळतात ना?" चौकोनी ठोकळा जमिनीखाली असतानाच गोल होतो. नंतर वरची जमीन पावसाने धुपत जाते, मुरूम वाहून जातो, नदी तो घेऊन जाते, आणि आतले गोटे उघडे पडतात. आधार निघत जातो तसे ते खाली खाली बसतात, एकमेकांवर टेकतात.

"म्हणजे वर कोणी ठेवलाच नाही," बाबा सावकाश म्हणाले. "तो तिथेच होता. बाकीचं गेलं."

ते त्या कापलेल्या कडेशी बराच वेळ उभे होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "बत्तीस वर्षं हे गोटे बघतोय मी. आमच्याकडेही असेच निघतात, काळ्या दगडाचे. वरचा मुरूम काढताना मध्येच गोटा लागला की पोकलेन अडायचं, दात मोडायचे, आम्ही शिव्या घालायचो. सुरुंग लावून फोडायचो. कधी वाटलं नाही, की मुरूम नुसता जाऊ दिला आणि गोटा राहू दिला, तर हे असं होईल." त्यांनी हाताने समोरची रास दाखवली. त्या स्वरात खंत होती की नवल, मला नीट कळलं नाही. दोन्ही असावं. मी काही बोलले नाही.

चिमूटभर मुरूम त्यांनी रुमालात घेतला होता. अण्णाने हळूच सांगितलं, "अज्जा, इथून काही नेत नाहीत." बाबांनी लगेच परत टाकला, तोही जिथून घेतला त्याच जागी.

साडेबाराला ऊन असं झालं, की कातळावर हात टेकवेना. तेव्हा त्या सूचनेचा अर्थ कळला. ग्रॅनाइट सकाळभर ऊन पितो आणि दुपारी ते परत फेकतो, वरून सूर्य आणि खालून दगड. एका कलत्या शिळेखाली सावलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. तिथे एक बुलबुल शीळ घालत होता. अण्णाने बोट ओठांवर ठेवलं. पिवळ्या गळ्याचा बुलबुल, दक्षिण भारतातल्या अशाच खडकाळ टेकड्यांतला, बाहेर कुठे सापडत नाही. पक्षी दिसला नाही, आवाज मात्र मिळाला. तिथून जवळच एका कपारीत ओनके किंडीची चित्रं आहेत, लाल रंगातली माणसं आणि जनावरं. विजयनगरच्या कितीतरी आधी कोणी तरी याच शिळांखाली याच उन्हापासून बसलं होतं. कपार तशी लहान आहे, पण आम्ही तिघंही नकळत हळू आवाजात बोलायला लागलो.

हनुमानाचं जन्मस्थान मानतात त्या अंजनाद्री टेकडीच्या ५७५ पायऱ्या आम्ही सोडल्या. बाबांचा गुडघा सुजला होता. अण्णाने एकदाही आग्रह केला नाही.

परतताना पुलावरून अलीकडे आलो. वाटेत नरसिंह आणि बडवीलिंग नावाचं मोठं शिवलिंग बघितलं. कृष्णदेवरायाच्या काळात १५२८ साली घडवलेली ती ६.७ मीटर उंचीची नरसिंहाची मूर्ती एकाच शिळेतून आहे. दिवसभरानंतर मला ती वेगळी दिसली. ही शिळाही कधी तरी मुरमात होती, कोपरे घालवत बसलेली. हेमकूटच्या उतारावरच्या गणपतींचंही तेच. कडलेकाळू म्हणजे हरभरा आणि ससिवेकाळू म्हणजे मोहरी, पोटाच्या आकारावरून पडलेली नावं. त्या दोन्ही शिळा मुळात गोलच असणार. पाथरवटाने आधी शिळा बघितली असेल, मग पोट.

शेवटचा थांबा कमलापूरच्या रस्त्यावर होता. अक्का-तंगी गुड्डा. अक्का म्हणजे थोरली, तंगी म्हणजे धाकटी. दोन प्रचंड शिळा एकमेकींना टेकून उभ्या. गोष्ट अशी, की दोन बहिणी हंपी बघायला आल्या, आणि या गावाला नावं ठेवली म्हणून गावदेवीने त्यांचे दगड केले. पण आता एक बहीण अर्धीच आहे. तिचा मोठा भाग कोसळला. तुटलेली बाजू संध्याकाळच्या उजेडात ताजी गुलाबी दिसत होती, बाकीची शिळा काळपट, पावसाच्या ओघळांनी रंगलेली.

"मी शाळेत होतो तेव्हा दोघी पुऱ्या होत्या," अण्णा म्हणाला. दिवसभर तो गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात बोलत होता. हे वाक्य तसं नव्हतं.

आम्ही रस्त्याच्या कडेनेच बघत होतो. बाबा लंगडत थोडे पुढे गेले, मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन मागे वळून बघितलं, मग डोळ्यांवर हात धरून खाली वाकून बघितलं. खाणीवर सुरुंग उडाल्यावर ते असंच बघायचे. कोणालाही पुढे सोडण्याआधी, एकटे.

"अज्जा, दुसरी राहील ना?" अण्णाने विचारलं.

बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, त्याचा खांदा धरून त्याला आपल्या जागेवर उभं केलं आणि बोटाने वर दाखवलं. "ती आडवी काळी रेघ दिसते? तिथून पाणी आत जातंय. पावसाळ्यात ये आणि खाली बघ, मुरूम ओघळतोय का. ओघळत असेल, तर तिच्याखाली कोणाला उभं राहू देऊ नको."

अण्णाने मोबाइल काढून त्या रेघेचा फोटो घेतला. नीट आला नाही म्हणून परत घेतला.